विनोदिनीचा अर्धा तास

विनोदिनीला पोहता येतं हे सगुणला लग्नानंतर सहाव्या वर्षी कळलं. तेही हरमलच्या गोड्या पाण्याच्या तळ्याकाठी, दोन्ही काखांत एकेक मूल असताना.

एक्क्याण्णव सालची गोष्ट. सगुण डिचोलीत एका खाण कंपनीच्या ऑफिसात कारकून होता. मुरगाव बंदरात बोट लागली की कागदपत्रांपायी त्याचा रविवारही जाई. घरी साडेतीन वर्षांची पल्लवी आणि अकरा महिन्यांचे जुळे, गौरेश नि अक्षय. जुळे झाल्यापासून विनोदिनी दवाखाना आणि देऊळ सोडून कुठे गेली नव्हती. फेब्रुवारीत सगुणला एकाएकी चार दिवसांची रजा मिळाली. तो घरी येऊन म्हणाला, "दर्यावर जाऊया काय?" तिने सरळ माळ्यावरून बॅगा खाली काढल्या.

एक बॅग मोठ्यांची, एक मुलांची. हरमलला बस थांबली तेव्हा गौरेशने सगुणच्या शर्टावर ओकून ठेवलं होतं, अक्षय बाजूच्या म्हाताऱ्याचा चष्मा सोडत नव्हता आणि पल्लवीला एका पायातली चप्पल सापडत नव्हती. चप्पल सापडली, चष्मा सुटला, सगळे उतरले, बस केरीच्या दिशेने निघून गेली आणि मग सगुणच्या लक्षात आलं की मुलांची बॅग आतच राहिली. लंगोट, दुपटी, झबली, दुधाच्या बाटल्या, सगळं तिच्यात.

तो बसमागे धावला. बराच धावला. घामाघूम होऊन परत आला तेव्हा त्यांनी भाड्याने घेतलेल्या खोलीच्या अंगणात विनोदिनी घरमालकीण शालिनीबरोबर बसली होती. दोघींच्या मध्ये शालिनीची दोन जुनी सुती लुगडी होती आणि त्यांचे टराटरा तुकडे होत होते.

"मिळाली?" विनोदिनीने विचारलं.

"नाय."

"नाय तर नाय. ही चोवीस झाली, दोन दिवस पुरतली." तिने एक तुकडा दातांनी फाडून अक्षयला गुंडाळला. "बाटली नाय, पण वाटी आसा."

त्या संध्याकाळी दोघा जुळ्यांनी जन्मात पहिल्यांदा वाटी-चमच्याने दूध घेतलं. निम्मं दूध विनोदिनीच्या पदरावर गेलं. गौरेशने चमचा हिसकावून अक्षयच्या डोक्यात घातला, अक्षय रडला, मग गौरेशही रडला आणि ते बघून पल्लवीनेही भोकाड पसरलं. शालिनी म्हणाली, "बाये, तुझा डोका कसा फिरत नाय?" विनोदिनी हसली आणि तिने वाटी पुन्हा भरली. दुसऱ्या दिवशी त्याच बसच्या कंडक्टरने बॅग आणून दिली. तोवर कोणाला तिची गरज उरली नव्हती.

दर्याच्या लाटांना जुळे घाबरले. लाट आली की दोघं एका सुरात किंचाळत. म्हणून शालिनीने तळ्याची वाट सांगितली. डोंगराच्या कडेकडेने, खडकांवरून, पलीकडच्या छोट्या किनाऱ्यावर जायचं. समोर खारा दर्या आणि पाठीमागे चार पावलांवर गोडं पाणी. सगुणच्या एका काखेत गौरेश, खांद्यावर पल्लवी. विनोदिनीच्या कडेवर अक्षय, हातात पावांची पिशवी आणि डोक्यावर बाल्दी. वाटेत तीनदा थांबावं लागलं, त्यातलं एकदा पल्लवीला खेकड्याशी बोलायचं होतं म्हणून.

तळं शांत होतं. तिन्ही बाजूंना माडांची आणि डोंगराची सावली. पलीकडच्या काठावर दोन परदेशी माणसं अंगाला पिवळी माती फासून उन्हात बसली होती.

विनोदिनी बराच वेळ नुसती पाण्याकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "माका अर्धो तास होयो."

"कित्याक?"

"पाण्यात जातंय."

"अगो, ह्या तळ्याचा तळ लागत नाय म्हणतात. तुका पोहूक येता?"

"येता. सातार्ड्याक माहेरच्या घरामागेच नदी आसा. भावांबरोबर ह्या काठावरून त्या काठावर जात होतंय मी. पंधरा वर्षांची झाले, मग घरच्यांनी बंद केला."

"माका कधी सांगलं नाय."

"तुम्ही कधी विचारलात?"

तिने अक्षयला त्याच्या हातात दिलं, साडीचा कासोटा घट्ट मारला, केसांची गाठ बांधली आणि पाण्यात शिरली. कमरेपर्यंत गेली, मग पुढे झुकली आणि पाण्याने तिला उचललं. सगुणने घड्याळ बघितलं. दहा वाजून पाच मिनिटं.

पहिली दोन मिनिटं बरी गेली. मग गौरेशने वाळू खाल्ली. सगुण त्याच्या तोंडात बोट घालून वाळू काढत होता, तोवर अक्षय रांगत पाण्याच्या दिशेने निघाला. त्याला पायाला धरून मागे ओढला, तर पल्लवी म्हणाली, "बाबा, शू." तिला झाडाआड नेईपर्यंत गौरेशने पुन्हा वाळू खाल्ली. परत येऊन बघतो तर एक कुत्रा पिशवीतले पाव आरामात खात होता. "मी दिलं त्याला," पल्लवीने सांगितलं, "त्याला भूक लागलेली." अक्षयने लंगोट ओला केला. तो बदलताना दुसऱ्याने धुतलेल्या लंगोटांची चळत वाळूत उधळली. शेवटी सगुणने टॉवेल काढला, त्याचं एक टोक अक्षयच्या कमरेला बांधलं नि दुसरं स्वतःच्या मनगटाला. गौरेशला बाल्दीत उभा केला. बाल्दी कलंडली.

त्याला वाटलं, तास तरी झाला असेल. घड्याळात दहा वाजून एकोणीस मिनिटं झाली होती.

त्याने हाक मारायला तोंड उघडलं आणि तळ्याकडे बघितलं.

विनोदिनी तळ्याच्या मधोमध होती. घाई नव्हती, पाणी उडत नव्हतं. एक हात पुढे जाई, मग दुसरा, आणि तिच्या मागे पाण्यावर एक लांब रेघ उमटे. रोज पहाटे पाचला उठणारी, एकाला मांडीवर आणि दुसऱ्याला पाळण्यात झोपवत तिसरीला घास भरवणारी ही बाई सहा वर्षं त्याच्या घरात होती. ती अशीही आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. पलीकडे पोचून तिने खडकाला हात लावला, वळली आणि पाठीवर पडून राहिली, डोळे मिटून. मातीवाल्या दोघांतल्या एकाने टाळी वाजवली. तिला ऐकू गेलं नसावं.

"ती आपली आई?" पल्लवीने विचारलं.

"होय."

"बुडत नाय ती?"

"नाय."

सगुणने हाक मारली नाही. साडेदहा झाले, पावणेअकरा झाले. गौरेशने तिसऱ्यांदा वाळू खाल्ली, ती त्याने काढली. आपण चौदा मिनिटांत टेकीला आलो, आणि ही अकरा महिन्यांत एकदाही 'दमले' म्हणाली नाही, हे त्याच्या मनात आलं आणि तो ओशाळला. ती काठावर आली तेव्हा तिच्या ओठांचा रंग फिका पडला होता आणि चेहरा मात्र कोवळ्या मुलीसारखा दिसत होता.

"उशीर झालो?" तिने विचारलं.

"नाय गो. अर्धोच तास झालो," सगुण म्हणाला आणि त्याने घड्याळाचा हात पाठीमागे घेतला.

तिने वाळूत लोळणाऱ्या मुलांकडे, टॉवेलने बापाला बांधलेल्या अक्षयकडे, रिकाम्या पिशवीकडे बघितलं. गौरेशला उचलून त्याच्या तोंडातून उरलेली वाळू एका बोटात काढली.

उरलेले दोन्ही दिवस ते तळ्यावरच गेले. रोज सकाळी विनोदिनीचा अर्धा तास, जो कधी चाळीस मिनिटांचा होई, कधी पन्नास. सगुण हळूहळू शिकला: पाव झाडाला टांगायचे, गौरेशला ओल्या वाळूऐवजी हातात शंख द्यायचा, अक्षयला आधी दमवायचं. तिसऱ्या दिवशी तिने पल्लवीला पाण्यात नेलं आणि हनुवटीखाली हात धरून पाय मारायला शिकवलं.

शेवटच्या सकाळी शालिनीही त्यांच्याबरोबर आली. जुळ्यांना दोन मांड्यांवर घेऊन ती माडाखाली बसली. विनोदिनी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि सगुणकडे बघून म्हणाली, "आता तुम्ही येवा."

"माका खयचा जमतला? छत्तीस वर्षांचो झालंय."

"मी धरतंय."

तो लेंगा गुडघ्यावर चढवून आत गेला. पाणी कमरेला लागलं तसा त्याचा श्वास अडकला. तिने त्याच्या पाठीखाली दोन्ही तळहात धरले. "मान सोडा. पाय आपोआप येतले. माझ्याकडे नाय, वर बघा."

त्याने वर बघितलं. माडांच्या झावळ्या आणि त्यामागे आभाळ. एक क्षण त्याला आपलं वजन जाणवलं नाही. मग तो घाबरला, गुडघे दुमडले आणि नाकातोंडात पाणी जाऊन खोकत उभा राहिला. काठावरून पल्लवीने सूचना केली, "बाबा, पोट ताठ करू नको."

विनोदिनी मोठ्याने हसली. सगुणने डोळ्यांवरचे केस मागे सारले, तोंडातलं पाणी थुंकलं आणि तिच्या हातांवर पुन्हा पाठ टेकली.