दुसऱ्यांदा रांगेत

निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं नाहीतर गुडघे सांभाळतात. पोस्टातून निवृत्त झालेले हे काका मात्र चित्रं, गाणी आणि गोष्टींतून शिकवणाऱ्या शाळेचे मास्तर व्हायला निघाले. प्रशिक्षणाच्या वर्गात त्यांचा घोडा हमखास गाढव व्हायचा आणि बासरीतून नुसती हवा यायची. तरी गडी एक दिवस चुकवेल तर शपथ!

त्या शाळेची रीत अशी, की रोज सकाळी मास्तरांनी दारात उभं राहून प्रत्येक मुलाचा हात हातात घ्यायचा.

"पोर रात्री नीट झोपलंय का, रडलंय का, ते हातावरून कळलं पाहिजे," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या.

आज सराव होता. वर्गातली सगळ्यांत धाकटी मुलगी मास्तरीण झाली आणि बाकीचे सगळे शाळेतली मुलं बनून रांगेत उभे राहिले. तिनं काकांचा हात धरला.

"किती गार पडलाय हो काका! घरी सगळं ठीक ना?"

"अगदी झकास!"

बायको जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून न्हावी सोडला तर काकांना कुणाचा हात लागला नव्हता.

आत गेलेले काका मागच्या दारानं बाहेर पडले आणि मुकाट्यानं पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहिले.

बाईंनी खिडकीतून ते पाहिलं आणि त्या बाहेर आल्या. आता बोलणी बसणार, म्हणून काकांनी मान खाली घातली.

बाईंनी हातावरचा खडू झटकला आणि त्या काकांच्या मागे रांगेत उभ्या राहिल्या.