खिडकीच्या शिक्क्यावरची शेवटची शाई

"बाबा, निदान चूळ तरी भरा आधी! कच्चा कांदा खाऊन त्या शिक्क्यावर कसलं फुंकताय?"

"फुंकत नाहीये. 'हा' करतोय. फुंकलं की शाई वाळते, 'हा' केलं की ओली होते. तुझ्या आईनंच शिकवलंय."

"तेव्हा कांद्याचं सांगायचं राहिलं वाटतं तिचं."

ही बाचाबाची अगदी माझ्या नाकासमोर चालली होती, असं म्हणालो असतो. पण मला नाक नाही. तरी कांदा मला कळला. मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझ्या अंगावर खिडकी कोरलेली आहे. तिची एक झडप उघडी आहे, दुसरी अर्धी ओढलेली. बाकी मी तळहाताएवढासुद्धा नाही. माझी कहाणी लांबलचक नाही, पण ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला डबीत चैन पडत नाही.

एका मोठ्या कचेरीच्या जिन्याखाली एक शिक्केवाला बसायचा. त्यानं मला घडवलं. 'पोहोचले', 'तातडीचे', 'रद्द' असले शिक्के करण्यात त्याची हयात गेली होती. ज्या रबराच्या तुकड्यातून मी निघालो, त्याच तुकड्यातून माझ्या आधी एक 'रद्द' निघाला होता. म्हणजे तो माझा सख्खा थोरला भाऊ. तो आयुष्यभर माणसांना हेलपाटे घालायला लावणार आणि मी खिडकी होऊन बसणार. एका घरात दोन तऱ्हा असतातच.

खिडकीचं चित्र घेऊन जी बाई आली होती, तिच्याकडे शिक्केवाल्यानं चष्म्यावरून पाहिलं.

"यात नाव कुठंय? हुद्दा कुठंय?"

"नाव नाही. नुसती खिडकी आहे."

"कसली खिडकी? तिकिटांची?"

"घरची."

"घरच्या खिडकीला शिक्का कशाला लागतो बाई?" असं पुटपुटत त्यानं मला कोरलं आणि कुठल्याशा मोडीत निघालेल्या शिक्क्याची लाकडी मूठ मला बसवून दिली. ती मूठ एका बाजूनं झिजलेली होती. त्यामुळे माझ्या खिडकीचा उजवा कोपरा नेहमी जरा फिका उठायचा. बाईनं पहिला ठसा घेतला, फिका कोपरा पाहिला आणि म्हणाली, "लंगडतोय थोडा. असू दे. आमच्या घरात खपून जाईल."

घरात सगळे तिला आई म्हणत. सगळे म्हणजे दोघं: एक लेक, जी औषधांच्या दुकानात कामाला होती, आणि एक नवरा, ज्याचा नळदुरुस्तीचा धंदा होता. बायकोला हाक मारायची म्हटलं तरी तो "अगं, हिची आई" अशी मारायचा. म्हणून मीही तिला आईच म्हणतो, आणि त्यांना बाबा.

आई पुस्तकं बांधायच्या कारखान्यात होती. तिच्या नखांत कायम खळ असायची, आणि कापून उरलेल्या कागदाच्या पट्ट्या पिशवीतून घरी यायच्या. जाड, पातळ, खरखरीत, कसल्याही. त्या पट्ट्यांवर ती मला उठवायची. कागदकामाच्या एका मासिकात शेवटच्या पानावर हौशी बायकांचे पत्ते छापून यायचे. त्यातून तिला तीन मैत्रिणी मिळाल्या. चौघींनी ठरवलं की दर महिन्याला प्रत्येकीनं आपापल्या शिक्क्याचं चित्र रंगवायचं आणि बाकी तिघींना टपालानं धाडायचं. चौघी चार गावांत. कुणी कुणाला कधी पाहिलं नव्हतं. एकीचा शिक्का छत्रीचा, म्हणून ती छत्री. एक मासोळी, एक पतंग. आमची आई म्हणजे खिडकी. पाकिटावरचं खरं नाव पोस्टमनपुरतं.

माझ्या खिडकीत ती दर खेपेला काहीतरी नवं काढायची. कधी वाळत टाकलेला मोजा, कधी दुधाचं पातेलं, कधी एक मांजर. मांजराचं चित्र गेलं त्या महिन्यात मासोळीची चिठ्ठी आली: 'तुमच्या मांजराला सांगून ठेवा, माझ्या मासोळीकडे असं टक लावून बघायचं नाही. ताकीद समजावी.' आई हसता हसता खुर्चीवरून घसरली होती. बाबा आतून ओरडले, "काय झालं?" तर म्हणाली, "काही नाही, मांजरावर तक्रार आलीय." बाबांना वाटलं शेजाऱ्यांकडून आली. ते तावातावानं बाहेर निघाले होते.

शिक्का उठवायची तिची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं त्या रीतीवर उभं आहे. ती शाईत ग्लिसरीनचे थेंब मिसळायची, म्हणजे शाई लवकर वाळत नाही. मला शाई लावली की कागदावर अलगद टेकवायची. तो पहिला ठसा, ठसठशीत. मग शाई न लावता माझ्यासमोर तोंड नेऊन 'हा' करायची, आरशावर करतात तसं. त्या वाफेनं उरलेली शाई ओली व्हायची आणि दुसरा ठसा उठायचा, अगदी पुसट, धुक्यात बघितल्यासारखा. त्याला चौघी 'सावली' म्हणायच्या. नियम मासोळीनं घालून दिलेला होता: ठसा मैत्रिणींना, सावली घरात. सावली कुणाला पाठवायची नाही. उरलंसुरलं पाठवल्यासारखं दिसतं.

हा नियम बाबांना माहीत नव्हता. आईला काही सांगायचं असलं की त्यांचं डोकं कुठल्यातरी गळक्या नळात असायचं.

एका दुपारी आईनं मला भरपूर शाई लावली. गादीवरून उचलताना तिचा शाईचा अंगठा माझ्या खिडकीच्या पोकळीत टेकला. मला पालथा न ठेवता उताणा ठेवला आणि कागद आणायला ती आत गेली.

मी शाई लावून तयार. ती आली नाही.

आत स्टूल पडल्याचा आवाज आला. मग लेकीची हाक, मग पुन्हा हाक, मग खूप पायांचे आवाज. मग खूप दिवस लोक हळू बोलत राहिले. मित्रांनो, शिक्क्याला काय समजायचं? पण मला समजलं, आणि घरातल्यांनाही समजलेलं होतंच. फक्त तो शब्द त्या घरात कुणी उच्चारत नव्हतं. लेक म्हणायची, "त्या दिवसापासून". बाबा म्हणायचे, "ते झालं तेव्हा". आईच्या चपलांची जोडी दारातच राहिली. केर काढताना लेक ती उचलायची आणि पुन्हा तिथंच ठेवायची. नळ दुरुस्त करायला बोलावणारी गिऱ्हाइकं विचारायची, "घरी कशा आहेत?" बाबा पाना फिरवत म्हणायचे, "आहेत."

लेकीनं मला न धुताच डबीत ठेवलं होतं. झाकण बंद. अंधारात मला सारखं वाटायचं की माझ्या खिडकीत कुणीतरी उभं आहे. वजन जाणवायचं त्याचं. तिथं काय आहे ते मला माहीत होतं: अंगठा होता. पण माहीत असणं वेगळं आणि तिथं कुणीतरी उभं असणं वेगळं.

टपाल येतच राहिलं. छत्री आली, पतंग आला, मासोळी आली. सगळं आईच्या नावानं. बाबांनी एक पोस्टकार्ड घेतलं, 'कळविण्यास' एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. दुसरं कार्ड घेतलं. पुन्हा 'कळविण्यास'. शेवटी त्यांनी डबी उघडली.

त्यांचे हात पाइप आवळणारे. 'हा' केलं आणि मला कागदावर असं दाबलं, जणू मी गळतोय. आई नेहमी म्हणायची, हळू, पोकळी उठता कामा नये. पण बाबांच्या जोरानं पोकळीसुद्धा कागदाला टेकली. पुसट खिडकी उठली आणि त्या खिडकीत, उघड्या झडपेच्या मागे, एक डाग. त्यात बारीक बारीक रेषा. डोकं आणि खांदा असावा, तसा.

बाबा त्या कागदाकडे बघत राहिले. लेक मागे येऊन उभी राहिली. तिनंही पाहिलं.

"आईचा अंगठा आहे तो," ती म्हणाली.

"आहे," बाबा म्हणाले. आणि पुढं हळूच, "खिडकीशी आलीय."

स्वयंपाकघरात जाऊन लेकीनं नळ सोडला आणि बराच वेळ तो वाहू दिला. बाबांनी एरवी कुणालाही तसं करू दिलं नसतं.

त्या महिन्यात तिघींना तीन सावल्या गेल्या. पुढच्या महिन्यात त्याहून पुसट. त्यांच्याकडून जे उलट यायचं, तेही बदललं. मासोळी बिनरंगाची आली. छत्रीवर नेहमी पाऊस काढलेला असायचा, तो नव्हता. पतंगाला दोरा काढलेला नव्हता. पतंग नुसताच कागदाच्या मध्ये लटकत होता. चिठ्ठी कुणाचीच नाही.

बाबा कागद उलटसुलट करून म्हणाले, "बघ, या बायकांनी कामचुकारपणा सुरू केलाय."

खरं म्हणजे त्या बोलत होत्या. बाबांना ती भाषा येत नव्हती आणि मला तोंड नव्हतं.

"बाबा, शिक्का धुऊया आता," लेक म्हणायची. "नवी शाई लावू. मी लावते."

"हात लावायचा नाही. त्यावर तिच्या हातची शाई आहे."

"संपत आलीय ती."

"मी पुरवून वापरतोय."

"आणि संपल्यावर? त्यांना काय..." एवढं बोलून लेकही थांबायची. दोघंही त्या शब्दापाशी यायची आणि ओल्या फरशीवरून जावं तशी कडेनं निघून जायची.

मित्रांनो, इथं तुम्हाला एक सांगतो. शिक्का वापरून झाला की ओल्या फडक्यानं पुसावा, सावलीत वाळवावा. वाळलेली शाई रबर खाते. माझ्या चौकटीला भेगा पडू लागल्या होत्या. मला धुवा, असं मला ओरडावंसं वाटायचं. आणि त्याच वेळी भीतीही वाटायची: धुतलं तर खिडकीत जे उभं आहे त्याचं काय? शाई गेली तरी खिडकी राहते, हे मला तेव्हा कळत नव्हतं. माणसांनाही कुठं चटकन कळतं!

तर त्या कांद्याच्या सकाळी बाबांनी 'हा' केलं आणि दाबलं. कागदावर काही नाही. पुन्हा 'हा'. पुन्हा काही नाही. नुसता चौकटीचा खड्डा कागदात उमटला. बाबांनी तो कागद उजेडाकडे तिरका धरून पाहिला. मग तसेच तीन कोरे कागद तीन पाकिटांत घातले.

"बाबा, कोरे कागद पाठवणार?"

"कोरे नाहीत. दाबलेले आहेत."

थोड्या दिवसांनी दारावर थाप पडली. दारात एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई होती. काखेत एक जाडजूड वही, दुसऱ्या हातात छत्री. बाहेर रणरणतं ऊन होतं. लेकीला विचारावं लागलं नाही.

"छत्रीमावशी?"

"मीच. बसने आले, कंबर मोडली. पाणी दे आधी."

ती बसली. उन्हाबद्दल बोलली, बसच्या वाहकाबद्दल बोलली, आपल्या गुडघ्याबद्दल बरंच बोलली. बाबा "हो ना, हो ना" करत राहिले. मी टेबलावर डबीत होतो, झाकण उघडं. आत येताना तिची नजर दारातल्या चपलांच्या जोडीवर गेली होती. तिनं नजर लगेच वळवली होती.

"ती... आत आहे का?" तिनं शेवटी विचारलं.

"पडलीय जरा," बाबा म्हणाले.

स्वयंपाकघरात कपबशीचा आवाज थांबला.

छत्रीमावशीनं मान हलवली आणि वही उघडून बाबांसमोर सरकवली. त्यात सगळ्या खिडक्या चिकटवलेल्या होत्या. मोजा, पातेलं, मांजर. बाबांनी या खिडक्या कधी एकत्र पाहिल्याच नव्हत्या. ते पान उलटत गेले. मांजरापाशी थोडे हसले. मग पहिली सावली आली.

"इथं दिसतेय बघा," छत्रीमावशी म्हणाली. "खिडकीत."

"अंगठा आहे तिचा."

"असेल. मला तीच दिसली." तिनं चष्मा पुसला. "सावली कुणाला पाठवायची नाही, असं ठरलं होतं आमचं. तिनं कधी पाठवली नसती. पाकीट फोडल्याबरोबर कळलं मला. बाकी दोघींनाही कळलं असणार."

"मग विचारलं का नाही कुणी?"

"विचारलं असतं, तर तुम्हाला उत्तर द्यावं लागलं असतं. आम्ही एकमेकींनाही विचारलं नाही. चित्रं पाठवत राहिलो. म्हटलं, टपाल येतंय ना, येऊ दे."

बाबांनी पान उलटलं. दुसरी सावली, जवळजवळ धूर. पुढच्या पानावर कोरा कागद, मध्ये चौकटीचा खड्डा. तोही तिनं नीट चारी कोपऱ्यांना खळ लावून चिकटवला होता.

"याच्यानंतर काय चिकटवायचं ते कळेना," ती म्हणाली. "म्हणून आले."

लेक दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली. हात ओले, पुसलेले नाहीत.

बाबांनी मला डबीतून उचललं. सवयीनं तोंडाजवळ नेलं. 'हा' करायला तोंड उघडलं. इतक्या जवळून मी त्यांचा चेहरा दर खेपेला पाहिला होता, पण त्या दिवशी कांद्याचा वास नव्हता.

"वारली हो ती," बाबा म्हणाले.

आणि त्या शब्दांची ऊब माझ्या रिकाम्या खिडकीवर येऊन बसली.