ऐकू येण्याचा पहिला दिवस

आईंनी कपबशी टेबलावर ठेवली आणि त्या आवाजाने स्वतःच दचकल्या. तडा गेला की काय म्हणून बशी उचलून पाहिली, धड होती. सकाळीच दवाखान्यातल्या बाईंनी त्यांच्या दोन्ही कानांत यंत्रं बसवून दिली होती. "पहिले काही दिवस सगळंच मोठं वाटेल हं," असं बजावलंही होतं. पण इतकं? पंखा कुरकुरत होता, नळ ठिबकत होता, आणि बाबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं की पत्रा फाडल्यासारखं वाटत होतं.

"अहो, जरा हळू वाचा ना!"

"आता वाचायचंही हळू?" बाबा हसले. "घरात एक सून होतीच. तूही तिच्याच पंक्तीला बसलीस म्हणायची."

आईंना हसू आलं नाही. येत्या रविवारी मुलगा आणि सून वेगळ्या जागेत जाणार होते. लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं. कारण काय, तर सूनबाईंना सोसत नाही. कुकरची शिट्टी झाली की खांदे आक्रसणार, पाहुणे आले की अर्ध्या तासात आतल्या खोलीत. कुणी कुणावर डाफरलं तरी डोळे हिचेच भरणार.

"तिचा स्वभावच तसा आहे गं, आई," मुलाने परवा समजावून पाहिलं होतं. "तिला सगळं जरा जास्त लागतं. लहानपणापासून."

"शिष्टपणाला नवं नाव काढलंय, झालं."

तेव्हापासून आईंनी सुनेशी बोलणं टाकलं होतं.

दुपारी यंत्र बघायला नणंदबाई आल्या, सोबत शेजारच्या दोघी. इतक्या वर्षांच्या सवयीने तिघीही ओरडूनच बोलत होत्या.

"ऐकू येतंय का गं, वहिनी?"

खुर्ची सरकली, चमचा पडला, कुणाचा तरी फोन वाजला, तिघी एकदम हसल्या. आईंना एकही शब्द धड पकडता येईना. कपाळ ठणकू लागलं. काही कारण नसताना डोळ्यांत पाणी येतंय असं वाटलं, तशा त्या बोलणं अर्धवट टाकून उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

"आता हिचंही नाटक सुरू!" बाहेरून नणंदबाईंचा आवाज आला. अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या होत्या, पण शब्दन् शब्द कळला.

आई दाराला टेकून उभ्या राहिल्या. खोलीत सून जमिनीवर बसून खोक्यात ताटल्या भरत होती. तिने उठून पडदा ओढला, पंखा बंद केला आणि पलंगावरचे कपडे बाजूला सारून त्यांना बसायला जागा करून दिली.

आईंनी पलंगावर बसत विचारलं, "या दारातून सगळंच ऐकू येतं?"

"हो."

"मी पुटपुटते तेसुद्धा?"

सून हातातला कागद सरळ करत राहिली. "तुम्हाला वाटतं पुटपुटता," ती म्हणाली. "पण तुमचा आवाज मोठा लागतो, आई."

आईंनी पदर तोंडाशी धरला. गेल्या वर्षभरात त्या याच दारापलीकडे काय काय पुटपुटल्या होत्या, ते आठवू लागलं.

"त्रास होतोय ना? काढून देऊ?" सुनेने जवळ येऊन त्यांच्या उजव्या कानातलं यंत्र अलगद काढलं. त्या बाजूचं जग एकदम शांत झालं. आईंनी श्वास सोडला. मग सुनेच्या तोंडाकडे पाहत म्हणाल्या,

"आणि तुझं गं? तुझं कसं काढायचं?"

"माझं निघत नाही, आई."

सुनेचा हात डाव्या कानाकडे गेला, तो आईंनी वरच्यावर धरला. "ते असू दे."

त्या खाली बसल्या. ताटलीभोवती कागद गुंडाळू लागल्या, तर तो चरचरला. त्यांनी कागद बाजूला ठेवला, कपाटातून जुने टॉवेल काढले आणि एकेक ताटली टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवायला लागल्या.

"टॉवेल परत पाठवायची घाई नको. मीच येईन न्यायला," त्या म्हणाल्या. "बेल नाही वाजवणार. आधी फोन करीन."

"फोनही वाजतोच की," सून हसली.

"मग कळणार कसं तुला?"

"नुसत्या या. तुमची पावलं मला जिन्यातच ओळखू येतात."