मिठावरचा आळ

"मिळालं का रे सेतोर, आईचं गाणं?"

झिग्बोर्दी दारातच उभी होती. हातात पानात बांधलेले आबोलो, म्हणजे मक्याचे उकडलेले गोळे, आणि तळलेली मासळी. सगळा जन्म मासे धुरावण्यात गेलेला, त्यामुळे ती यायच्या आधी तिचा वास यायचा. सेतोरने पडद्यावरून नजर हलवली नाही.

"शोधतोय, दावी." तिथे थोरल्या बाईला दावी म्हणत, थोरल्या पुरुषाला एफो.

"शोध सावकाश. शनिवारी आईची माती आहे, तोवर मिळालं म्हणजे झालं. आधी खाऊन घे मेल्या, गालफडं बसलीत तुझी."

एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाजण, आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर केटा गावाचं ते लहानसं रेडिओ केंद्र. तिथला सर्व्हर आणि वेबसाइट सांभाळायला सेतोर एकटा. शिकला तोही असाच, मिळेल तिथून. कुणा जाणत्याने संगणकाला द्यायच्या हुकमाची एकेक ओळ वेबवर मांडून ठेवलेली असायची. साइट झोपली तर ही चालवा, जागा भरली तर ही. शेजारणीकडून विस्तव आणावा तशी सेतोर ती उचलून आणी आणि आपली चूल पेटवी.

गेल्या महिन्यात डिस्क भरली. त्याने जुन्या नोंदी पुसणारी एक ओळ आणली. तिच्यात एक ठिपका होता. ठिपका म्हणजे, तू उभा आहेस तिथपासून खाली. सेतोरला वाटलं, आपण नोंदींच्या कप्प्यात उभे आहोत. तो उभा होता एक पायरी वर, आणि तिथून खाली गाण्यांचाही कप्पा होता. ओळीला काय कळणार? जुनं ते पुसायचं, एवढंच तिला ठाऊक. दुसरी एक उसनी ओळ रोज मूळ आणि नक्कल सारखी करायची, तिने इमानाने नक्कलही पुसली. त्या वेबपानाच्या तळाशी लिहिलेलं होतं, पुसण्याआधी नुसती यादी काढून बघा. सेतोर तळापर्यंत गेलाच नव्हता.

गेलेल्यांत यावाचं गाणं होतं.

यावा म्हणजे झिग्बोर्दीची आई. कुणाच्याही घरची माती असो, विलाप यावानेच गायचा. म्हातारपणी ती एकदा केंद्रावर आली. म्हणाली, "मी सगळ्यांना रडले, मला कोण रडणार?" आणि स्वतःच्या मरणाचं गाणं स्वतःच गाऊन गेली. "माझ्या दिवशी लावा. तोवर कुणाला ऐकवू नका, मरणाचे कान तिखट असतात." लेकीलाही तिने ते ऐकवलं नाही. समोर हेडफोन लावून बसलेला सेतोर, तेवढाच श्रोता.

दुपारी सेतोरने सगळं सांगितलं, तसे केंद्रप्रमुख आग्बेको त्याच्या खुर्चीला टेकून हळूच म्हणाले, "मीठ सांग तिला. खारं वारं लागलं, मशीन गंजलं. या गावाचे पत्रे खाल्ले त्याने, सायकली खाल्ल्या. एक गाणं आणखी त्याच्या नावावर चढलं तर काय बिघडलं?"

"पण एफो..."

"खरं सांगून तिची आई परत गाणार आहे?"

संध्याकाळी झिग्बोर्दी पुन्हा आली. सेतोरने मीठ सांगितलं.

तिने एकदा समुद्राकडे पाहिलं. मग तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मिठाला कोण काय करणार, बाबा. माझ्या नवऱ्याची होडी नाही का खाल्ली? तू जिवाला लावून घेऊ नकोस." सकाळचं पान तसंच पडलेलं पाहून तिने ते सोडलं आणि काटे काढून मासळी त्याच्यापुढे सरकवली. तिने शिवी दिली असती तर पचली असती. तो घास पचेना.

ती गेल्यावर त्याला बसवेना. तो तिच्या भट्टीवर गेला. ती जाळीवरचे मासे उलटत होती.

"मीठ नव्हतं, दावी. मी होतो. दुसऱ्याची ओळ आणली, न वाचता चालवली."

तिचा हात थांबला. "म्हणजे तू पुसलंस तिला."

"हो."

"आणि माझ्या हातचं खाल्लंस."

"हो."

धूर दोघांच्या मधून जात होता. तिने उरलेली रांग उलटली. मग त्याच्याकडे न बघता विचारलं, "तू ऐकलं होतंस ना?"

"एकदाच."

"काय आठवतं?"

"पहिल्या दोन ओळी."

"शनिवारी ये. दोन तर दोन." आणि तो वळल्यावर मागून, "माफ केलं असं समजू नकोस."

शनिवारी काळ्या-तांबड्या वस्त्रांतल्या बायकांच्या रिंगणात सेतोर उभा राहिला. चारचौघांत तो कधी गायला नव्हता. घोगऱ्या, बेसूर आवाजात त्याने म्हटलं:

"होडी माझी सुटली बाई, वल्ह्यावाचून चालली गं,
ज्यांना ज्यांना पोचवलं मी, काठी गर्दी झाली गं."

बायकांनी दोन्ही ओळी उचलल्या. भोपळ्याच्या खुळखुळ्याने ठेका धरला. मग पुढच्या ओळीची जागा आली. एका म्हातारीने पदरचं काही जोडायला तोंड उघडलं, तसा झिग्बोर्दीने हात वर केला.

"राहू दे. तिचं आहे ते."

कुणी गायलं नाही. नुसता खुळखुळा वाजत राहिला. गाणं किती लांब होतं, हे त्या रिंगणात एकालाच ठाऊक होतं, म्हणून वाजवणारी त्याच्याकडे बघत होती. सेतोर डोळे मिटून उभा होता. बराच वेळ. मग त्याने मान खाली घातली, आणि खुळखुळा थांबला.