साडेतीनशे किलोचा मान

साठाव्या वर्षी रिटायर झालेला माणूस काय करतो? गुडघ्याला तेल लावतो, टीव्हीसमोर डुलक्या घेतो, सुनेच्या भाजीला नावं ठेवतो. शालिकरामनं साडेतीनशे किलोची मोटरसायकल घेतली. आता बोला!

भिलाईच्या प्लान्टमध्ये त्याची सगळी नोकरी क्रेनवर गेली. वर केबिनमध्ये बसायचं, दोन बोटांनी दांडी सरकवायची आणि चाळीस टन लोखंड अलगद उचलायचं. त्यामुळे वजन ही बोटानं हलवायची गोष्ट आहे, अशी त्याची पक्की समजूत झाली होती. घरात गव्हाचं पोतं त्याची बायको सिंधुताईच उचलायची, हे काही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

बरं, गाडी घेतली ती हौसेपायी नव्हे, भय्याजीपायी. भय्याजी म्हणजे सिंधुताईचा मोठा भाऊ. राहणार देवरी, धंदा राईस मिलचा, आणि जीभ अशी की तिला धार लावावी लागत नाही. छत्तीस वर्षांपूर्वी शालिकराम नवरीला एसटीनं घेऊन निघाला, तेव्हा हा भर मांडवात म्हणाला, "आमच्या सिंधूले एसटीत पेटीवर बसवून नेऊन राहिले का, जवाईबापू?" अख्खा मांडव हसला. पुढं शालिकरामनं पै-पै जोडून शंभर सीसीची हलकी गाडी घेतली, तर म्हणतो कसा, "हे गाडी आहे का शिलाई मशीन?" तेव्हापासून शालिकरामच्या मनात एकच. एकदा, फक्त एकदा, सिंधूला मागं बसवून देवरीत असं शिरायचं, की भय्याजीची बोलती बंद झाली पाहिजे. आणि आता भय्याजीच्या पोराचा, प्रफुल्लचा साखरपुडा, म्हणजे आपल्याकडचं साक्षगंध, रविवारी ठरलं होतं.

आता ही गाडी सेक्टर 10 च्या क्वार्टरमधून बाहेर काढणं हा एक सोहळाच होता. शेजारचे दौलतराव प्लान्टमध्ये क्रेनला खालून इशारे द्यायचे. ते फाटकाशी उभे राहून शिटी फुंकायचे, हात वर, हात डावीकडं, मूठ बंद म्हणजे थांबा. शिटी ऐकल्याशिवाय शालिकराम बोटभर हलायचा नाही. मागून तिघं शेजारी ढकलायचे. एकदा तो पावर हाउसच्या बाजाराला अर्धा किलो वांगी आणायला गाडी घेऊन गेला आणि दौलतरावांना न्यायला ऑटोनं परत आला. बाजारात गाडी फिरवता येईना, दुसरं काय!

सिंधुताईची वेगळीच तऱ्हा. बाई साडेचार फुटांची आणि मागची सीट तिच्या छातीला. स्टुलावर चढून बसावं लागे.

"अवो, रस्त्यात उतरावं लागलं तं?" तिनं विचारलं.

"उतरायचंच नाई. सिद्धं देवरी."

"आपली हलकी गाडी का वाईट आहे? मी कशी टुणकन बसतो तिच्यावर."

"तुले नाई समजत, सिंधू. मानाचा सवाल आहे."

रविवारी सकाळी शिटी वाजली आणि स्वारी निघाली. खोटं कशाला बोला, मोठ्या रस्त्यावर गाडी पळायला लागली की राजासारखी! राजनांदगाव गेलं, बागनदीचा पूल गेला, सिंधुताईच्या पोटातलं पाणी हललं नाही. पदर सांभाळत तिनं चक्क एक गाणं गुणगुणलं. शालिकरामची छाती फुगून जाकिटाची चेन खाली सरकली.

तसंच सरळ गेला असता तर? पण नाही! देवरी दोन किलोमीटर राहिली आणि बुवाला वाटलं, धुळीच्या तोंडानं कसं शिरायचं? जरा तोंड धुवावं, भांग पाडावा. रस्त्याच्या कडेला खाली उतारावर एक हातपंप दिसला. घातली गाडी उताराला.

गाडी गेली गुमान. चाक हातपंपाच्या ओट्याला टेकलं आणि थांबली. पुढं ओटा, मागं चढ, खाली मुरूम. मागं ढकलायला शालिकरामचे पाय जोर घेईनात, कारण जेमतेम चवडेच टेकत होते. स्टँड लावला तर मुरमात रुतायला लागला. सिंधुताई एका अंगाला सरकली, तशी गाडी झोकांडली.

"हलू नको! हलू नको वो माय!"

"मंग का करू?"

"बसून राय."

बसले. हातभर पुढं पंप, आणि तोंड धुवायची सोय नाही. एक म्हैस आली, तिनं दोघांना निरखून पाहिलं आणि ओट्यावरचं पाणी पिऊन गेली.

अर्ध्या तासानं भय्याजीचा फोन आला. शालिकरामचे दोन्ही हात हँडलला. सिंधुताईनं त्याच्या खिशातून फोन काढून कानाला लावला.

"दादा, आमी हातपंपापाशी आहो. ये. नाई, पंचर नाई. उतरता नाई येऊन राहिलं."

शालिकरामनं डोळे मिटले. सगळं संपलं होतं. छत्तीस वर्षं ज्याच्यासाठी थांबला, ते असं म्हशीसमोर मातीत गेलं.

भय्याजीची कार पाहुणे आणायला गेली होती. तो मिलमधल्या मुनिमाची हलकी गाडी घेऊन आला. आधी पोट धरून हसला. मग त्यानं हँडल धरलं, सिंधुताईला उतरवलं, तिघांनी घाम गाळून गाडी वर रस्त्यावर आणली. आणि मग भय्याजीचे डोळे त्या गाडीवरून फिरले. टाकीवरून, चकचकीत सायलेन्सरवरून, पुन्हा टाकीवरून.

"मीच आणतो हे. तुमी मुनिमाच्या गाडीवर या."

शालिकरामनं चाबी काढून मुठीत धरली. म्हणजे भय्याजी याच्या गाडीवर मिरवत शिरणार आणि हा मागून पुन्हा तसल्याच शिलाई मशीनवर!

"द्या त्याले चाबी," सिंधुताई म्हणाली, आणि टुणकन हलक्या गाडीवर जाऊन बसली.

दिली चाबी. करतो काय बिचारा!

ते दोघं सावकाश पोचले तेव्हा मांडवासमोर हीऽऽ गर्दी. मधोमध भय्याजी गाडीवर. नव्या सोयऱ्यांचे पाहुणे भोवती, पोरं फोटो काढून राहिलेली. भय्याजी हसत होता, पण ते हसू जरा जास्तच वेळ चाललेलं.

"उतरा ना भय्याजी, चहा थंडा होऊन राहिला," व्याही म्हणाले.

"बसतो जरासा. हवा मस्त आहे."

शालिकरामनं खाली पाहिलं. अंगणाला उतार होता. भय्याजी चवड्यांवर होता आणि धोतराआड त्याच्या पोटऱ्या लटलट कापत होत्या. त्यानं शालिकरामकडं पाहिलं. असं त्यानं शालिकरामकडं आजवर कधीच पाहिलं नव्हतं.

अहाहा! काय तो क्षण! अख्खा मांडव समोर, नवे सोयरे समोर, आणि शालिकरामच्या जिभेवर छत्तीस वर्षं मुरलेलं एक वाक्य तयार. त्यानं तोंड उघडलं.

"भय्याजी, तुमी बराबर केलं," तो मोठ्यानं म्हणाला. "या गाडीचं इंजिन गरम राहते. लगेच उतरायचंच नसते. आता उतरा." आणि जाऊन त्यानं दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलं.

भय्याजी उतरला. उतरता उतरता त्यानं शालिकरामचा खांदा धरला, आणि उतरल्यावरही सोडला नाही. व्याह्यांना म्हणाला, "हे आमचे जवाई. भिलाईचे." आणि शालिकरामचं ताट वाढायला स्वतः गेला.

पंगतीत सिंधुताई हळूच म्हणाली, "बोलले कावून नाई? एवढा मौका होता."

"पाय कापून राहिले होते त्याचे," शालिकराम म्हणाला. "कसं लागते, मले मालूम आहे."

सिंधुताईनं त्याच्याकडं पाहिलं. मग आपल्या ताटातली जिलबी उचलून भर पंगतीत, सगळ्यांदेखत, त्याच्या ताटात टाकली.