लाल खणातली शपथ

लीलावतीबाईंनी चौथी साडी बॅगेत ठेवली आणि वरून हात फिरवून दाबली. यतीन दाराशी उभा राहून बघत होता. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पण चेहरा नापास झालेल्या पोरासारखा.

शनिवारी त्या ब्रिस्टलला लेकीकडे, आश्लेषाकडे निघणार होत्या. चार दिवसांसाठी नव्हे, कायमच्या. लंडनच्या हॅरो भागातल्या सत्संगात रेखाताईंनी सगळ्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला होता. फ्रीमेसन म्हणजे सैतानाला भजणारे लोक, बंद दाराआड शपथा घेतात, धर्म सोडतात. आणि आपला मुलगा गेली पाच वर्षं त्यांच्यातलाच आहे, हे लीलावतीबाईंना तिथेच, भर सत्संगात त्यांच्या तोंडून कळलं होतं. यतीननं घरात सांगितलं होतं, 'चॅरिटीचा क्लब आहे.' ती चूक त्याला आता पुरेपूर भोवत होती.

यतीननं दोन दिवस खपून उत्तरं तयार केली होती. लॉजची, म्हणजे फ्रीमेसनांच्या शाखेची, माहितीपत्रिकासुद्धा खिशात होती.

"आई, सैतान वगैरे काही नाही गं. उलट देव मानत नाही त्याला आतच घेत नाहीत. देव कुठलाही चालतो. माझ्या एका बाजूला चर्चचे पाद्री बसतात, दुसऱ्या बाजूला इल्फर्डचे खान."

"आणि पूजा कुणाची करता?"

"कुणाचीच नाही. सुरुवातीला प्रार्थना होते, तेवढंच. पुढे रिलिजनवर बोलायलाच बंदी आहे."

"देव मानता आणि देवाबद्दल बोलायला बंदी!" त्यांनी पाचवी साडी उचलली. "एप्रन बांधता म्हणे?"

"बांधतो. सभेचा पोशाखच आहे तो."

"घरी कधी बांधलास?"

स्वयंपाकघरातून ऋजुताला खोकला आला. या वादात बायको कुणाच्या बाजूनं आहे, हे यतीनला कळून चुकलं.

"एवढं चांगलं काम आहे, तर मग लपवता कशाला?" लीलावतीबाईंचा आवाज आता खाली आला होता. "चांगलं ते कुणी लपवतं का, यतीन?"

"लपवायचं म्हणजे काय, एकमेकांना ओळखायच्या दोन-चार खुणा आहेत."

"मग सांग."

"नाही सांगता येत. शब्द दिलाय."

थाप मारून सुटता आलं असतं. पण आईशी एकदा अर्धवट बोलून काय झालं, ते तो बघतच होता. लीलावतीबाईंचे डोळे भरून आले.

"परक्या धर्माच्या पुस्तकावर हात ठेवून शब्द दिलास. आता मी या घरात नैवेद्य दाखवायचा तो कुणाच्या नावानं?"

"परक्या नाही!" यतीनला एकदम हायसं वाटलं. हुकमाचं पान त्याच्याच हातात होतं. "तिथे ज्याचा त्याचा ग्रंथ असतो. मी आपल्या गीतेवर घेतली शपथ. तुझ्याच गीतेवर. थांब, आणतो."

तो देवघराकडे धावला आणि लाल खणात बांधलेली पोथी दोन्ही हातांवर घेऊन आला. लीलावतीबाई पोथीकडे बघतच राहिल्या.

"ही नेली होतीस?"

"हीच."

"उघडली होतीस?"

"पायात बूट होते गं. पोथी कशी उघडणार? गाठ न सोडताच टेबलावर ठेवली. सगळ्यांनी मान राखला."

"गीता माझ्या उशाशी असते, यतीन."

त्यानं हातातली पोथी चाचपून पाहिली. लीलावतीबाईंनी खणाची गाठ सोडली. आत एक जुनी वही होती, कडा तेलकट झालेल्या. पहिल्याच पानावर आजीचं वळणदार अक्षर: 'गोडा मसाला. दगडफूल, नागकेशर...' पुढची मापं शाईनं खोडून पुन्हा बारीक अक्षरात लिहिलेली.

ऋजुता दारात येऊन उभी राहिली. "आई, हा तोच मसाला? तुम्ही मला कधीच नीट माप सांगत नाही, तो?"

"कुणालाच नाही सांगितलं," लीलावतीबाई म्हणाल्या. "माझ्या आईनं शब्द घेतला होता माझ्याकडून. आणि सासरी जावा टपलेल्या! म्हणून खणात बांधून देवघरात ठेवायची. देवांजवळच्या पोथीला कोण हात लावणार?"

बोलता बोलता त्या थबकल्या. यतीनच्या जिभेवर आईचंच मघाचं वाक्य आलं होतं, पण त्यानं ते गिळलं. पाच वर्षांत पहिल्यांदाच तो लॉजबाहेर इतका शहाण्यासारखा वागला.

लीलावतीबाईंनी आजीच्या अक्षरावरून बोट फिरवलं. मग त्यांना हसू फुटलं, आणि ते आवरेपर्यंत बॅगेच्या कडेला धरून बसावं लागलं.

"माझ्या आईच्या अक्षरावर हात ठेवून शपथ घेतलीस रे," पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या. "मोडू नकोस हो."

यतीनच्या जिवात जीव आला.

त्यांनी वही पुन्हा खणात बांधली. "पुढच्या वेळी विचारून ने," असं बजावून त्या ती देवघरात ठेवायला गेल्या. परत आल्या तेव्हा ऋजुतानं दोन साड्या कपाटात लावल्याही होत्या. लीलावतीबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि तिसरी साडी स्वतः उचलून तिच्या हातात दिली.

"उद्या सकाळी मसाला भाजायला घेऊ. मापं सांगते," त्या हळूच म्हणाल्या. "आधी दार लावून घे."