लहानपणी तुम्हाला घरी काय म्हणत?

मी एक जुना प्रश्न आहे. घाबरू नका मित्रांनो, परीक्षेतला नव्हे. संकेतस्थळावर पासवर्ड विसरलेल्या माणसाला मी अडवायचो आणि विचारायचो: लहानपणी तुम्हाला घरी काय म्हणत? उत्तर जुळलं की दार उघडायचं.

एका कचेरीत, कुणाचा तरी चहा गार होईपर्यंत, मी लिहिला गेलो. पुढे खूप राबलो. मोठमोठे साहेब माझ्यापुढे हळूच आपलं घरचं नाव लिहीत आणि एकटेच हसत.

मग जाणकार म्हणू लागले, हा प्रश्न कच्चा आहे. खरंच होतं ते. माझं उत्तर नेहमी आणखी कुणाला तरी ठाऊक असायचं, आणि गोड बोलून ते काढून घेणारे चोरही होते. पासवर्डची तरी काय कथा? लोक एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरत. शेवटी आम्हा दोघांनाही काढायचं ठरलं. महिनाअखेरपर्यंत जे खातेदार नव्या पद्धतीवर येणार नाहीत, त्यांची खाती पुसली जाणार होती.

शेवटच्या दिवशी एक मुलगी आली. खातं तिच्या बाबांचं. बाबा वायरमन. ती शिकायला दूर होती तेव्हा ते शिडीवर बसून रोज तिला आवाजात निरोप धाडत: जेवलीस का, छत्री घेतलीस का. ते सगळे निरोप आत होते. आणि आता अर्धांगवायूच्या झटक्यानं बाबांची वाचा गेली होती. शब्द ओठांशी येऊन परत जात, अक्षरंही एकमेकांत मिसळत. त्यांचा तो आवाज जगात दुसरीकडे कुठेच उरला नव्हता.

*उरलेले प्रयत्न: ३*

"बाळ्या?" तिनं विचारलं. बाबांनी मान हलवली. हो की नाही, कळेना. तिनं लिहिलं. चुकलं.

*उरलेले प्रयत्न: २*

"छोटू असेल." चुकलं.

*उरलेला प्रयत्न: १*

ती थांबली. हे सांगू शकेल असं एकच माणूस होतं: आत्या, बाबांची थोरली बहीण. पण आजीच्या शिलाई मशीनवरून दोन्ही घरांत आठ वर्षं अबोला होता. बाबा आजारी पडल्याचंही कुणी कळवलं नव्हतं.

तिनं फोन लावला. स्पीकरवर टाकला.

"आत्या, मी बोलतेय."

"कोण मी? आठ वर्षांत आवाज विसरले मी तुझा."

"बाबांना बोलता येत नाही गं आता."

"कधीपासून?"

"तीन महिने झाले. आत्या, लहानपणी त्यांना काय म्हणायचे?"

"हे विचारायला फोन केलास?" आत्यांचं नाक वाजलं. "अगं, ●●●●● म्हणायचो! डोक्यावर एक केस नव्हता मेल्याच्या. ए ●●●●●, ऐकतोयस ना? कळवलं नाहीस रे मला! मशीन घाल चुलीत, मी निघालेय."

बाबा हसले. तीन महिन्यांत पहिल्यांदा, तोंड वाकडं करून, डोळे पुसत.

मुलीनं ते नाव लिहिलं, पानावर पाच ठिपके उमटले. जुळले.

आत चौदाशे निरोप होते. पहिला उघडला. "जेवलीस का गं? मी इथं खांबावर लोंबकळतोय, तू तरी वेळेवर जेव." बाबा स्वतःचाच आवाज कान देऊन ऐकत राहिले.

मग तिनं नवी पद्धत सुरू केली. आता किल्ली फोनमध्येच राहते आणि अंगठा टेकला की जागी होते. पाठ करायचं काही नाही, कुणाला सांगून बसायचं काही नाही, फसव्या पानापुढे ती उघडतच नाही. तिनं आधी बाबांचा डावा अंगठा टेकवला, मग स्वतःचा. अंगठ्याला वाचा लागत नाही. माझ्याहून हे शंभर पटींनी बरं, हे मी मोकळ्या मनानं सांगतो.

त्याच संध्याकाळी मला पानावरून काढलं.

मित्रांनो, कुलपाच्या कामातून मी सुटलो ते चांगलंच झालं. पण मला अगदीच टाकून देऊ नका. घरातल्या थोरांजवळ बसा आणि मला सहज विचारा, त्यांना सांगता येतंय तोवर. तिथे तीनच प्रयत्न नसतात.

आणि ते पाच ठिपके? माझ्या तोंडून निघणार नाहीत, तेवढं इमान अजून आहे. आत्यांना विचारा. त्या आता दर रविवारी येतात आणि जिन्यातूनच मोठ्यानं हाक मारतात.